लाल तेल

थेरगाव, ५ फेब्रुवारी १९७९

ती. प्रभाताईस भीमराजचा सप्रेम जयभीम, वि. वि.

ऐकून हसशील. आमच्या ट्रकच्या कंपनीतून रिटायर झालेले शरच्चंद्र साहेब रहाटणीच्या शेडमध्ये चक्क विमान बांधताहेत, एका माणसापुरतं! चाकं नि ब्रेक भंगारातल्या जुन्या विमानाचे. ब्रेकचं काम माझ्याकडे. आत कसलंसं लाल तेल होतं, ते डब्यात काढून मी आपल्या ट्रकचं ब्रेक ऑइल भरलं. बारा वर्षं हेच करतोय, विमानाला काय शिंगं असतात?

रविवारी, १८ तारखेला, साहेब स्वतः बसून ते माळावर पळवणार. माळाच्या टोकाला विहीर आहे, म्हणून ब्रेक पक्का हवा.

दाजींना जयभीम. तुझी माया असू दे, ब्रेकचं मी बघतो.

तुझा
भीमराज


चाकण, ८ फेब्रुवारी

चि. भीमराज यास अनेक आशीर्वाद.

विमान! पत्र तीनदा वाचलं. पण काय रे, ते तेल लाल का होतं? उगाच कुणी रंग घालतं का? तू विचारलंस कुणाला?

दिवाळीत माझ्या स्टोव्हच्या टोपणाला तू सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बसवलास, आठवतंय? चार दिवसांत रॉकेलनं फुगला मेला. तू म्हणालास, रबरच खराब. मला वाटतं रबर बरं होतं, त्याचं रॉकेलशी पटलं नाही. विमानातल्या रबराचं तसं नसेल ना? त्या रबराची एखादी जादा रिंग असेल तर तुझ्या तेलात बुडवून बघ. राग आला तरी बघ. तोवर मला घास गोड लागायचा नाही.

जपून राहा, नि पत्राला उशीर केलास तर कान धरीन.

तुझी
ताई


थेरगाव, १५ फेब्रुवारी

ती. ताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

राग आलाच. नववी शिकलेल्या बहिणीनं मला ब्रेक शिकवावा! पण तो लाल रंग डोक्यातून जाईना. दोन जादा रिंगा घेतल्या, एक लाल तेलात, एक आपल्या ऑइलमध्ये. पाचव्या दिवशी लाल तेलातली होती तशीच. आपल्यातली भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म, खाचेत बसेना. पळत जाऊन ब्रेक उघडला, तर आतल्याही तशाच. ताई, ती विहीर डोळ्यांपुढून हलत नाही गं.

तसाच साहेबांकडे गेलो नि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. हे तुला सुचलं कसं, एवढंच विचारलं. बहिणीनं विचारलं म्हणून, असं मी म्हणालो. ताई कुठल्या कंपनीत आहेत, म्हणाले. मला खाली बघावं लागलं.

आता सगळ्या नळ्या धुवायच्या, नवी रबरं मागवायची, लाल तेलच भरायचं. तो रंग तेल ओळखू यावं म्हणूनच घालतात म्हणे. रविवारचं रद्द झालं. म्हणून रविवारी चाकणला येतो, स्टोव्हचा खरा वायसर घेऊन. दिवाळीपासून स्टोव्ह बंद, चुलीचा धूर खातेस नि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

माया आहे तशीच ठेव, आणि मला असंच विचारत जा.

तुझा
भीमराज