आपली जाळी उजवी

बाबा, शेडमध्ये आत्ता जेवणाची सुट्टी आहे. दोन्ही मशिनी थांबल्यात, कारागीर बाहेर सावलीत डबे उघडून बसलेत, आणि मी तुमच्याच लोखंडी टेबलावर, तारेच्या भेंडोळ्याभोवती गुंडाळून येतो त्या खाकी कागदावर लिहिते आहे. चांगला कागद समोर आला की माणूस सजवून लिहितो, असं तुम्ही म्हणायचात. तर हा घ्या तेलाचे डाग पडलेला, सजवायची सोयच नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ काही सांगितलं, पण एक गोष्ट मात्र मनातसुद्धा सांगायची टाळत आले. ती आता सांगते, कारण उद्या ती चारचौघांत बोलायची वेळ आली आहे.

उद्या हातोदच्या शाळेत छोटासा कार्यक्रम आहे. मैदानाचं सगळं कुंपण आपण नवं करून दिलं, पण मधलं ते फाटक मोठ्या बाईंनी काढू दिलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, फाटक को हाथ मत लगाना, आधा गाँव इधर से ही आता-जाता है." एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाटकाच्या खांबावर पाटी लावायचं ठरवलं आहे. 'बाबूजी का फाटक', आणि खाली, मुलांची वाट जवळ करणाऱ्या दूरदृष्टीच्या कारागिराला प्रणाम, असं काहीसं. आणि दोन शब्द बोलायला मला उभं करणार आहेत. बाबा, तुमची दूरदृष्टी होतीच, मी नाही कुठे म्हणते? पण ते फाटक तुमच्या दूरदृष्टीने झालं नव्हतं. ते माझ्या चुकीने झालं होतं. आणि त्या चुकीबद्दल तुमची बोलणी उस्तादांनी खाल्ली, तेव्हा मी शेजारी उभी राहून गप्प बसले होते.

मला ते दिवस अगदी काल घडल्यासारखे दिसतात. तुम्ही वीज खात्यातली खुर्ची मुदतीआधी सोडली आहे आणि मल्हारगंजातल्या या शेडमध्ये जाळीची मशीन स्वतःच्या हाताने बनवायला घेतली आहे. आपल्या घराण्यात तीन पिढ्या कोणी लेखणीपेक्षा जड वस्तू उचललेली नाही, त्यामुळे काका येऊन विचारतात, "दफ्तर सांभाळणाऱ्या घरातला माणूस आता तारा वळणार?" तुम्ही हसून म्हणता, "तारा मशीन वळेल, मी नुसता बघेन." आईला मात्र झोप नाही. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, बँकेच्या परीक्षेचा निकाल यायचा आहे, म्हणून दुपारभर तुमच्याकडे येऊन बसते आणि मशीनच्या प्रेमात पडते. किती साधी युक्ती! आतून आटे पाडलेली एक जाड नळी, तिच्यात गरगर फिरणारी चपटी पट्टी. सरळ तार आत जाते आणि नागमोडी होऊन बाहेर येते. ती नागमोडी तार आधीच्या तारेत स्क्रूसारखी फिरत फिरत गुंतत जाते, आणि बघता बघता समोर जाळी उभी. तुम्ही मला हे पहिल्यांदा कागदावर काढून दाखवलंत तेव्हा स्वेटरची पहिली ओळ सुयांवर चढताना बघितल्यासारखं वाटलं होतं.

ती नळी खरादावर, म्हणजे लेथवर, बनवून घ्यायची होती, उस्तादांकडे. उस्ताद म्हणजे शेजारच्या गल्लीतले खरादवाले. साऱ्या मल्हारगंजात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. खरादाच्या आवाजात त्यांना काही ऐकू यायचं नाही, म्हणून कामाची माहिती चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत. आणि तुमचं अक्षर असं, की तुमचं तुम्हालाच लागायचं नाही. म्हणून तुम्ही हातातला पाना न ठेवता सांगत होतात आणि मी उस्तादांसाठी हिंदीत लिहीत होते. लांबी, जाडी, आट्यांमधलं अंतर, सगळं नीट. शेवटी तुम्ही म्हणालात, "आणि लिही, आटा डावा. बाजारात सगळ्यांचा डावाच आहे. आपली जाळी त्यांच्या जाळीत गुंतली पायजे." मी मान डोलावली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चूड़ी दायां'. चूड़ी म्हणजे आटा हे बरोबर, पण दायां म्हणजे उजवा! आता तुम्हीच सांगा, घरात डावा ऐकायचं, शाळेत दायां लिहायचं, आणि एकाचा डावा तो दुसऱ्याचा बायां! कानाला दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. पुण्यातल्या मुलीने ही चूक केली नसती, भोपाळच्याही नाही. ती इंदूरच्या मराठी मुलीनेच करायची.

मशीन उभी राहिली त्या दिवशी आईने नारळ फोडला. तुम्ही बटण दाबलंत, तर पट्टी तार बाहेर ढकलायच्या ऐवजी आतच ओढू लागली. "मोटर उल्टी फिर री हे भिया," वायरमन म्हणाला, दोन तारांची अदलाबदल केली, आणि मशीन सुरळीत चालू लागली. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. पण पहिली नागमोडी तार चमचमत बाहेर आली आणि तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात, तेव्हा कोण विचार करणार? काकांनीसुद्धा हात लावून बघितला आणि "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे फार झालं.

पहिलं काम हातोदच्या शाळेचं. मैदानाला अर्ध्यापर्यंत दुसऱ्या कोणाची जाळी होती, उरलेलं अर्धं आपल्याला करायचं. खांब रोवले, जाळी ताणली, आणि दोन जाळ्यांच्या कडा जिथे भेटतात तिथे तुम्ही एक सुटी तार दोन्हींत गुंतवायला घेतलीत. आपल्या जाळीत ती लोण्यात जावी तशी गेली, त्यांच्या जाळीत शिरेना. तुम्ही वरून फिरवलीत, खालून फिरवलीत, तार उलटी धरलीत. मग चष्मा काढून शर्टाला पुसलात आणि दोन्ही जाळ्यांकडे बराच वेळ बघत राहिलात. मी तुमच्या मागे उभी होते, आणि तुमच्याबरोबरच मलाही दिसलं. त्यांची तार एका अंगाने वळली होती, आपली बरोबर दुसऱ्या अंगाने. डोळ्यांसमोर ती चिठ्ठी आली.

पहिलंच काम, तेही अर्धवट! मास्टरसाब घड्याळ बघत उभे. "बाबूजी, जोड़ दो ना, छुट्टी होने वाली है." आणि तुम्ही, बाबा, चष्मा परत डोळ्यांवर चढवून अगदी शांतपणे म्हणालात, "मास्टरसाब, जोड़ना नहीं है. यहाँ फाटक होना चाहिए. बस्ती के बच्चे उधर से पूरा चक्कर काट के क्यों आएँ?" मास्टरसाबांनी एकदा बस्तीकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे, आणि तुमचा हातच धरला. दहा वर्षं शाळेत काढली, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणाले. उरलेल्या पाइपांतून आपण दोन दिवसांत फाटक बसवलं. पोरांचा लोंढा त्यातून ओरडत बाहेर पडला तेव्हा तुम्ही हसत होतात, पण कान लाल झाले होते. मला तुमचे कान ओळखता येतात.

परतल्यावर तुम्ही शेडमध्ये न येता थेट खरादावर गेलात. मी मागोमाग. "उस्ताद, मैंने डावा बोला था, डावा! कान में तेल डाल के बैठते हो क्या?" चार गिऱ्हाइकं उभी होती. उस्तादांनी खराद बंद केला, शर्टाच्या खिशातून माझी चिठ्ठी काढली, वाचली, माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. त्यांनी चिठ्ठीची घडी करून परत खिशात ठेवली. "हओ बाबूजी, मेरी ई गलती. दायां समझ लिया." एवढंच. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. मला वाटलं, आता बोलले तर तुम्ही मला पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही, आणि मला तिथेच राहायचं होतं. ही सबब आहे, बाबा, मला ठाऊक आहे.

दोन दिवस तुम्ही कोणाशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र कचोऱ्यांचा पुडा घेऊन आलात, चेहरा असा खुललेला की आईला वाटलं लॉटरी लागली. "नळी बदलायची नाही!" तुम्ही जाहीर केलंत. "बाकीच्यांची डावी असू दे. आपली जाळी उजवी. सगळ्यांपेक्षा उजवी!" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसलात. पुढे तर तसंच झालं. ज्याने एकदा आपली जाळी लावली त्याला कुंपण वाढवायला दुसऱ्याची चालेना, म्हणून तो परत आपल्याच दारात. लोक पत्ता सांगायचे, "वो उल्टी जाली वाले बाबूजी." आणि दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की तुम्ही सगळ्यांदेखत उस्तादांना विचारायचात, "काय उस्ताद, कान साफ करून आलात ना?" सगळे हसायचे, उस्तादही. मी प्रसादाचं ताट घेऊन आत पळायचे. बँकेचं पत्र आलं आणि मी नाही म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला मनगटी घड्याळ दिलंत. "उजव्या हातात घाल," म्हणालात. "सगळ्या डाव्या हातात घालतात, आपलं सगळं उजवं." मला ते तुमचं आणखी एक खूळ वाटलं. पण घातलं, आणि आजवर त्याच हातात आहे. पहिला पट्टा झिजला, दुसरा झिजला, हात नाही बदलला.

काल मी उस्तादांना उद्याचं आमंत्रण द्यायला गेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, खराद मुलगा चालवतो, ते दारात खुर्ची टाकून बसतात. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रात्रभर पाठ केलेलं सगळं ओकून टाकलं. चिठ्ठी माझी, चूक माझी, बोलणी तुम्ही खाल्लीत उस्ताद, उद्या मी स्टेजवरून खरं सांगणार आणि सर्वांसमोर तुमची माफी मागणार. उस्ताद आधी ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते, बाबा! खोकला येईपर्यंत हसत होते.

"अरे बेटा, परची तो मैंने तीसरे दिन ई बाबूजी को दिखा दी थी. चार लोगों के सामने क्या दिखाता?"

मी म्हटलं, "मग ते दर दसऱ्याला तुमच्या कानांवरून...?"

"तो वो मेरे को थोड़ी बोलते थे! तेरे को बोलते थे. मैं उधर से तेरा मुँह देखता था, बाबूजी इधर से. बड़ा मज़ा आता था." मग म्हणाले, "बोले थे, छोरी को मत बताना उस्ताद. अब्भी-अब्भी हाथ काले करने लगी हे. सहम गई तो बैंक में जा के बैठ जाएगी."

बाबा, तुम्ही दोघं किती पोचलेले होतात! इतकी वर्षं मी ते ओझं छातीवर घेऊन हिंडले आणि तुम्ही दोघं कचोऱ्या खात माझी गंमत बघत होतात. मला आधी राग आला. उस्तादांसमोरच तुम्हाला चार शब्द ऐकवले. मग मला एवढं हसू फुटलं की खराद थांबवून त्यांचा मुलगा बाहेर आला. हसता हसता डोळे पुसायला हात वर नेला, आणि घड्याळ दिसलं. उजव्या हातातलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते खूळ नव्हतं. तुम्ही मला न रागावता, न सांगता, जन्मभरासाठी उजवा हात, म्हणजेच दायां, दाखवून ठेवला होता. मी तिथेच उस्तादांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसून राहिले. मला तुमची इतकी आठवण आली, बाबा, आणि तरी मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

तर उद्या मी सगळं सांगणार आहे. मुलांना सांगेन की हे फाटक एका शब्दाच्या चुकीतून झालं, चूक कोणाची ते सांगेन, आणि उस्तादांना पहिल्या रांगेत बसवेन. पाटीवरची दूरदृष्टी मात्र तशीच राहू द्या, असं मोठ्या बाईंना सांगितलं. ती तुमच्याकडे होती, फक्त ती फाटकासाठी नव्हती.

सुट्टी संपली, मशीन सुरू होईल. हा कागद कुठे जाणार नाही. तुमच्या मशीनच्या झाकणात, जुन्या पट्टीशेजारी ठेवते. फक्त एक राहिलं, ते कोणाला सांगू नका. गेल्या आठवड्यात घड्याळ सेल बदलायला दिलं होतं, मनगट मोकळं होतं, आणि हातोदला माल घेऊन जाताना फाट्यावर मी ड्रायव्हरला ठणकावून सांगितलं, "दायां, भिया, दायां!" वळायचं होतं डावीकडे.