समोर कोणी नाही

२ जून, सोमवार

पोहोचले बाई एकदाची! खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून मशीनची खडखड ऐकू येते, पण खिडकी मोठी आहे आणि माऊची छोटी कॉट भिंतीला नीट मावेल. मी टेपने मोजूनच घेतलं. पंधरा दिवस कामाची परीक्षा, मग मी पक्की, आणि पक्की झाले की माऊला आईकडून घेऊन यायचं. मी काम शोधत फिरले, तोवर सहा वर्षांची पोर दोन महिने माझ्यावाचून राहिली आहे. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा मी दोनच गोष्टी उचलल्या होत्या, माऊ आणि हत्यारांची पेटी. बाकी सगळं त्याला लखलाभ.

लॅपटॉप दुरुस्तीचं वर्कशॉप पहिल्या मजल्यावर. लांबट हॉल, सहा टेबलं, प्रत्येकावर निळी रबरी चटई आणि भिंगाचा दिवा. माझं टेबल अगदी पुढे, जिन्याकडच्या काचेच्या भिंतीला चिकटून. काचेकडे तोंड करून बसायचं, म्हणजे जिना चढणाऱ्या ग्राहकांना आम्ही पिंजऱ्यातल्यासारखे दिसतो. साहेबांना सगळे मुकादम म्हणतात, अर्थात पाठीमागे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, की बाईमाणसाचं डोकं या कामात तापत नाही ना. मी सांगितलं, तापलं तर पंखा बदलून घेईन. कोणी हसलं नाही. शेजारच्या टेबलावरचा गडी एसीच्या झोतामुळे सदा मानेला मफलर गुंडाळून असतो. तो मात्र गालात हसला असावा. त्याचं नाव मी मफलरच ठेवलं.

दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून माऊशी बोलले. तिचा नवा चष्मा नाकावरून घसरतो म्हणे. मी म्हटलं, आलीस की मी स्क्रू आवळून देते.

३ जून, मंगळवार

आज पहिलं खरं काम मिळालं. एक वकीलबाई काउंटरशी बराच वेळ उभ्या होत्या आणि काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मला राहवलं नाही. मीच उठून गेले, लॅपटॉप घेतला, नोंद केली.

लॅपटॉप म्हणजे चैन आहे नुसती. किलोभराच्या आतलं वजन, बोटाहून पातळ, धातूचं अंग. बाईंना जागा वाढवून हवी आहे. रॅम बोर्डालाच झाळलेली, तिला हात लावता येत नाही, पण डिस्क बदलता येते. खालचे स्क्रू रबराच्या पट्टीखाली लपवलेत, ती पट्टी मी न फाडता सोडवली. मफलर बघत होता, म्हणून जरा जास्तच सावकाश सोडवली.

दुसरी तक्रार गमतीची आहे. पडद्यावर कॅमेऱ्याशेजारी एक सेन्सर असतो. माणूस समोरून उठला की तो ओळखतो आणि लॅपटॉप आपोआप कुलूपबंद होतो. यांचा होत नाही. बाई उठून गेल्या तरी पडदा चालूच, अशिलांचे कागद उघडेच. जाताना बाईंनी बजावलं, की रिकाम्या खुर्चीसमोर तो उघडा ठेवू नका. मी हो म्हटलं. ग्राहक काहीही सांगतात.

४ जून, बुधवार

जुन्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर सकाळीच झाली. बायोस अपडेट केलं. मग सेन्सर तपासायचा छोटा प्रोग्राम लावला. त्यात दोनच वाक्यं येतात: ‘समोर कोणी आहे’ आणि ‘समोर कोणी नाही’. मी उठले, कपाटामागे जाऊन शंभरपर्यंत मोजलं. परत आले तर ‘समोर कोणी आहे’.

सेन्सर गेला असणार, म्हणून पडदा खोलून कॅमेऱ्याची अख्खी पट्टी बदलली. दोन तास गेले. पट्टी बदलली की चेहऱ्याने कुलूप उघडतं का, ते बघावं लागतं. नियम असा, की त्यासाठी ग्राहकाला बोलवायचं. बाई फोन उचलेनात. मफलर म्हणाला, की सगळे स्वतःचाच चेहरा नोंदवतात आणि काम झालं की पुसतात, एवढं काय मनावर घ्यायचं. मग मीही नोंदवला. पडद्यावर पांढरं वर्तुळ येतं, ते भरेपर्यंत न हलता समोर बघायचं. चार-पाच सेकंदांत भरलं. कुलूप झटक्यात उघडलं.

उठल्यावर मात्र बंद होईना. ‘समोर कोणी आहे.’ नवी पट्टी असूनही.

५ जून, गुरुवार

आज डोक्याचा भुगा झाला. लॅपटॉप मफलरच्या टेबलावर ठेवला तर शहाण्यासारखा बंद होतो. माझ्या टेबलावर होत नाही. दिवा विझवला, काचेवर कापड टाकलं, कपाट हलवलं. शेवटी खुर्चीच बाजूला काढली. बंद झाला. खुर्ची परत ठेवली. चालू.

मुकादमांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली. दोन दिवसांत एक यंत्र, तेही अर्धवट, आणि आता खुर्चीला दोष, असं बरंच काही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण माऊसाठी गिळलं.

संध्याकाळी मी खुर्चीत बसून काम करत असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण आली. तुमच्याखेरीज आणखी कोणी पडद्याकडे बघत आहे, अशी सूचना देणारी. मागे वळून बघितलं. हॉल रिकामा होता. बाकीचे पाच जण हात धुवायला गेले होते.

६ जून, शुक्रवार

लॅपटॉप कधी कधी उघडला याची नोंद त्याच्याकडेच असते. ती आज काढली. काल माझ्या चेहऱ्याने तो अकरा वेळा उघडला होता. त्यातल्या चार वेळा मी जागेवर नव्हते. एकदा तर एक पस्तीसला, म्हणजे मी जिन्यात माऊशी बोलत होते तेव्हा.

मफलरचा खोडसाळपणा, दुसरं काय! मी त्याला सरळ फैलावर घेतलं. माझा फोटो लावून उघडतोस का, विचारलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, की फोटोने हा उघडत नाही, याला जिवंत चेहऱ्याची खोली कळते, आणि त्याने पोराबाळांची शपथ घेतली. मग माझ्याशी बोलायचा बंद झाला. बाकीचेही.

दुपारी म्हटलं, आधी आपला चेहरा पुसून टाकू. पुसायला गेले तर त्याने आधी खात्रीसाठी चेहराच मागितला. मी समोर बसले. ‘चेहरा ओळखता आला नाही.’ दिवा जवळ घेतला, केस मागे बांधले. सतरा वेळा तेच.

९ जून, सोमवार

आज डिस्कच काढली. नवीकोरी रिकामी डिस्क घातली, सगळं पहिल्यापासून बसवलं. यात ना बाईंचं काही, ना माझं.

मग कॅमेरा चालू केला.

मी खुर्चीत बसले होते. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत होती, मागचं कपाट दिसत होतं. हात हलवला. काही नाही. वाटलं, चित्र अडकलंय. उठून बाजूला झाले आणि कडेने वाकून बघितलं.

पडद्यावर मी बसले होते. माझा ॲप्रन, माझा अंबाडा. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझाच स्क्रूड्रायव्हर घेऊन कामाला लागली होती.

खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. उबदार होती. मी तिथून हात का काढला नाही, कोण जाणे. जन्मात एवढी घाबरले नव्हते.

१० जून, मंगळवार

वकीलबाईंच्या नंबरवर आज फोन लागला. हसरा, मोकळा आवाज. म्हणाल्या, की त्यांनी कुठलाही लॅपटॉप दुरुस्तीला दिलेला नाही. पलीकडे कोणीतरी त्यांना जेवायला हाक मारत होतं.

आणि दीड वाजता त्याच बाई जिन्यात बसलेल्या. तीच साडी, मळलेली. लोक त्यांना ओलांडून जात होते. मी दंड धरून जाब विचारला.

त्यांनी सगळं सांगितलं. एक-एक करत. आधी ती पडद्यातली तुमच्या खुर्चीत बसते. मग तुमचे फोन करते. मग तुमची कामं उरकते, तुमच्याहून चांगली. मग घरची दारं तिला उघडतात आणि तुम्हाला उघडत नाहीत. बाईंना वाटलं होतं, की लॅपटॉपला नवा चेहरा मिळाला तर त्यांचा परत मिळेल. मिळाला नाही. मी विचारलं, मीच का? तर म्हणे, काउंटरवर एवढा वेळ उभी होते, बघितलंत ते तुम्हीच.

माफी मागितली नाही. मी त्यांच्या कानाखाली वाजवायला हात उचलला. मग खाली घेतला, कारण मागून काउंटरवरची मुलगी आली आणि माझ्या अंगावरूनच जाणार होती. मी बाजूला झाले म्हणून बरं.

११ जून, बुधवार

मुकादम खूश आहेत. सकाळपासून सहा यंत्रं झाली म्हणे माझ्या हातून. मी एकही केलेलं नाही. मी दाराबाहेर होते. आपोआप सरकणारं दार माझ्यासाठी सरकतच नाही, कोणाच्या तरी पाठोपाठ घुसावं लागतं.

मफलर खुर्चीकडे बघून हसत होता. मिटलं त्याचं आणि तिचं.

मला ती नुसत्या डोळ्यांना अजून दिसत नाही. फक्त खुर्ची, आणि हत्यारं हलताना.

१२ जून, गुरुवार

दीड वाजता फोन केला. माऊने उचलला. हॅलो, हॅलो, आवाज येत नाही म्हणाली. मी ओरडत होते. मागून आई म्हणाली, ठेव गं, राँग नंबर असेल, आत्ता तर एवढा वेळ बोललीस आईशी. मग फोन तसाच धरून माऊ आजीला सांगत होती, की आईने व्हिडिओवर तिचं टेबल दाखवलं, आणि आई पक्की झाली, आणि शनिवारी अकरा वाजता आपण थेट तिच्या ऑफिसात जायचं. आईने तिच्यासाठी गंमत ठेवली आहे.

मी काही ठेवलेलं नाही.

शनिवारी. अकरा वाजता.

१३ जून, शुक्रवार

हातोडी घेऊन गेले. लॅपटॉपवर घातली. हातोडी चटईवर आपटली, लॅपटॉप आधीच कोणीतरी बाजूला सरकवला होता. आता ती दिसली. पहिल्यांदाच. वर बघून मंद हसली, माझ्याच दातांनी.

मुकादमांनी मला बाहेर काढलं. बघत होते दुसरीकडेच, हात तेवढा माझ्या खांद्यावर. बाई, ग्राहकांनी आत यायचं नाही —

एक कळलं. लिहिलेलं दिसतं त्यांना! कोणाच्या तरी पाठोपाठ परत घुसून मफलरच्या टेबलावर चिठ्ठी टाकली, खुर्चीतली मी नाही. त्याने वाचली. इकडेतिकडे बघितलं. मग हसत हसत तिलाच नेऊन दिली. तिने घडी घालून खिशात ठेवली.

आईला मेसेज करावा, तर फोनचा पडदा आता माझ्या बोटाला दादच देत नाही. आईच्या गावी जावं तर सकाळची गाडी चुकली, पुढची उद्या. तोवर त्या दोघी निघालेल्या असतील. इथेच थांबते. जिन्यातच अडवीन.

१४ जून, शनिवार

आल्या. आईची पिशवी माझ्या गुडघ्याला लागली. माऊचा हात धरला, तिने झटकला, हाताला काहीतरी लागलं म्हणाली. दार त्यांच्यासाठी सरकलं. माझ्या तोंडावर बंद झालं. मागून कोणी येईना.

काचेबाहेर उभी आहे. वाजवून वाजवून हात सुजला. आई मुकादमांशी बोलतेय, हसतेय. माऊ त्या दुसरीच्या मांडीवर. माझ्या खुर्चीत. समोर लॅपटॉप, त्याची पाठ माझ्याकडे.

तिने माऊची हनुवटी धरलीय. वर करतेय.

चेहरा नोंदवतेय. माझ्या माऊचा चेहरा —

माऊ लाजतेय. मान खाली. चष्मा घसरलाय. होत नाहीये तिच्याच्याने. शाबास माऊ. शाबास गं माझी बाय.

वाचता येतं तिला. मोठी अक्षरं येतात. पान काचेला लावते —

माऊ
ही आई नाही
पळ

बघितलं! वाचतेय. ओठ हलताहेत. मान वर केली तिने, सरळ, अजिबात न हलता माझ्या पानाकडे —

पानाच्या खालीच तो लॅपटॉप.

चष्म्याच्या काचेत पांढरं वर्तुळ. अर्धं.

नको बघूस. माऊ, इकडे नको बघूस. मी पान काढलं, तरी ती वहीकडेच — माऊ खाली बघ, खाली, मी काही लिहीत नाही, बघ, थांबले, मी थां