तीन नंबरचा ठोकळा

३ मार्च

चि. ठोकळेबाई हीस,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलता येत नाही. आमचा फोन जिन्याखाली, तुझी वहिनी जिन्याच्या वरच्या खोलीत, आणि तिचे कान अजून शाबूत आहेत. डॉक्टर म्हणाले की आता औषध फक्त दुखणं कमी करायला. किती वेळ, म्हणून विचारलं तर म्हणाले, काही महिने धरून चला. तिला जिना उतरवत नाही. खिडकीतून समोरच्या गोदामाचा पत्रा दिसतो, तो बघत पडून असते.

म्हणून मी एक वेडेपणा केला आहे. जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन आणि दोन्ही बाजूंना खिडक्या. निवृत्तीनंतर असल्या गाडीतून समुद्र बघायला जायचं, असं ती वीस वर्षं म्हणत होती. मी म्हणायचो, जन्म डेपोत बसगाड्यांखाली उताणं पडून गेला, आता चाक नजरेला नको. आता गाडी घराला चिकटून उभी करायची, तिला एकदाच खाली उतरवायचं आणि तिथेच झोपवायचं. चार दिवस बरे गेले की किल्ली फिरवायची आणि निघायचं.

अडचण अंगणाची. परवा गाडी आत घेतली तर मागचं चाक निम्मं मातीत गेलं. डेपोतल्या चौघांनी ओढून काढली. गल्लीत उभी करू देत नाहीत, त्यामुळे सध्या ती डेपोच्या आवारात आहे. काँक्रीटचा पक्का ओटा घालणं भाग आहे. तू एवढी वर्षं प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडत आलीस, आता जरा घरच्यांच्या उपयोगी पड.

माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
तुझा,
दादा

६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. रडून झालं, आता कामाचं लिहिते.

भुसभुशीत माती हात दीड हात काढून टाक. खाली मुरूम आणि खडी, थरावर थर, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. वर लोखंडी जाळी आणि सहा इंच काँक्रीट. उतार गटाराकडे द्यायचा, घराकडे नाही. पाणी मापाने घाल. गवंडी म्हणेल की बादलीभर आणखी घातलं की पसरायला सोपं जातं. त्याला चहा पाज, पण बादली देऊ नकोस. त्याच मालाचे तीन ठोकळे भरून ओल्या गोणपाटात गुंडाळ आणि डेपोच्या गाडीने मला पाठव. किती भार पेलतात ते बघायला एक सातव्या दिवशी यंत्रात दाबून फोडीन, दुसरा चौदाव्या, तिसरा अठ्ठाविसाव्या.

आणि काँक्रीट पुरतं पक्कं होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस दिवस, ओट्याला चाक लावायचं नाही. डेपोतला प्रकार तू विसरला नसशील. डॉक्टर महिने म्हणाले आहेत, आपण दिवसच मागतोय. घाई करू नकोस.

वहिनीला सांग, समुद्रावर मी पण येणार, आणि खिडकीची जागा माझी.
तुझी,
ठोकळेबाई

१३ मार्च

चि. ठोकळेबाईस,
अनेक आशीर्वाद.

पडून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर नावं ठेवू नकोस. ओटा दहा तारखेला घातला. तुझ्या भावाने गवंड्याला इतका छळला की तो जाताना मला म्हणाला, बाई, तुमचे दिवस कसे जातात. मी म्हटलं, पायरीपायरीने. त्या दिवशी मला खुर्चीसकट खाली नेलं होतं. ठोकळ्यांवर नंबर घालायचं काम माझ्याकडे होतं. विणायच्या सुईने घातले. एक आणि दोन नीट आले, तीनपर्यंत हात दमला, त्याची शेपटी लांबली आहे.

आता तो दिवसातून चार वेळा ओट्याला पाणी मारतो. घातला त्याच संध्याकाळी मांजर त्यावरून चालत गेलं तर त्याच्यामागे झाडू घेऊन धावला. इतका खुशीत मी त्याला किती दिवसांत पाहिला नव्हता.

आता जे लिहिते ते पोटात ठेव. मागच्या वेळी तो औषधं आणायला गेला तेव्हा मी डॉक्टरांना एकटीने विचारलं. त्यांनी मला महिने सांगितले नाहीत, आठवडे सांगितले. मी त्याला कळू दिलं नाही. कळलं तर हातातलं पाण्याचं भांडं टाकून देईल आणि वर येऊन माझ्याकडे बघत बसेल. ते मला सोसायचं नाही.

मी म्हटलं, आठवड्याने गाडी आण की. तर म्हणाला, ठोकळेबाई अठ्ठावीस म्हणाली आहे. डेपोत त्याने एकदा कच्च्या फरशीवर बस चढवली, जॅक घसरला आणि शेजारी काम करणाऱ्याचा पाय गेला, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. सातव्या दिवशी चालत असेल तर तू त्याला तसं लिही. समुद्र नाही झाला तरी चालेल. मला फक्त तो पत्रा बघत जायचं नाही.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून मागते.
तुझी,
वहिनी

१७ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र काल आलं. तुझं गुपित पोटात ठेवलं आहे, पण ते पचत नाही.

पहिला ठोकळा आज सकाळी फोडला. अठ्ठावीस दिवसांत ताकदीचे पंचवीस हवेत, सात दिवसांत अठरा आले. सातव्या दिवसाला हे उत्तम आहे. पण एका ठोकळ्यावर मी आजवर कुणाचा पूलही पास केला नाही आणि कुणाची पायरीही. गटाराकडची कड बसली, गाडी कलंडली आणि तू आत असलीस तर? रात्रभर तेच डोळ्यांपुढे होतं. दुसरा ठोकळा चोवीसला फोडते आणि त्याच दिवशी दादाला लिहिते. एक आठवडा कळ काढ, वहिनी. माझ्यासाठी काढ.

तुझीच,
ठोकळेबाई

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या ठोकळ्याला तेवीस आले. गाडी आजच आण. अठ्ठाविसाची वाट बघू नकोस. चाकांखाली फळ्या टाक, गटाराची कड हातभर सोड आणि सावकाश चढव.

हे सांगायला दुपारपासून तीनदा फोन लावला. नुसता वाजत राहिला. तू बाहेर ओट्याला पाणी मारत असणार. उद्या सकाळी पुन्हा लावते, तोवर हे पत्र टाकून ठेवते.

उशीर करू नकोस. का ते विचारू नकोस.
तुझी,
ठोकळेबाई

३१ मार्च

चि. ठोकळेबाईस,
आशीर्वाद.

पंचवीसला सकाळी फोन वाजत होता. तूच होतीस. मी वर तिच्यापाशी होतो, तिचा हात सोडवेना. फोन थांबला आणि थोड्या वेळाने तीही थांबली.

तू आलीस, तीन दिवस राहिलीस, भांडी घासलीस, तिची औषधं बांधून दवाखान्यात परत दिलीस. तुझं चोवीसचं पत्र सव्वीसला आलं तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. मी ते न उघडता खिशात ठेवलं. तू गेल्यावर वाचलं. काल गादी उचलली तेव्हा तिला लिहिलेलं सतराचंही सापडलं.

तिने तुला काय मागितलं होतं ते त्यावरून समजलं. गुपित कसलं, तेही आता विचारायला नको. मला एवढंच खरं सांग. सातव्या दिवशी गाडी चढली असती का? माझी समजूत घालू नकोस. घाटात ब्रेक का गेला म्हणून मी ड्रायव्हरला विचारायचो, तसं विचारतो आहे.

दादा

३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चढली असती.

तीन टनांची गाडी, सहा इंचांचा ओटा, खाली तू स्वतः धुमसलेला मुरूम. अठरा आकडा वाचला तेव्हाच मला ते समजलं होतं. हिशोबात शंका नव्हती, शंका माझ्या हातात होती. चुकून पास करायची भीती इतकी वर्षं अंगात मुरली आहे. डॉक्टरांनी तिला आठवडे सांगितले होते, तेही मला ठाऊक होतं, तुला नव्हतं. तरी मी तिला कळ काढायला सांगितलं. तिने काढली.

माफी मागायला तोंड नाही. तिसरा ठोकळा इथे पाण्याच्या टाकीत आहे. सात तारखेला त्याचा अठ्ठाविसावा दिवस. रोज झाकण उघडलं की तिच्या तिनाची लांब शेपटी दिसते.

ठोकळेबाई

७ एप्रिल

चि. ठोकळेबाईस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी गाडी आणली. डेपोतली पोरं मदतीला आली होती, मी त्यांना परत पाठवलं. एकट्याने चढवली. चारी चाकं वर आली, ओट्याला केसाएवढी चीर नाही. गुडघ्यावर बसून कडेकडेने हात फिरवून पाहिलं. मांजराची चार पावलं उमटली आहेत, बाकी काही नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नाही.

मग आत जाऊन पलंगावर पडलो. त्या खिडकीतून शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड दिसतं, दोरीवरचे कपडे दिसतात, शाळेत जाणारी मुलं दिसतात. पत्रा दिसत नाही.

तू सातव्या दिवशी लिहिलं असतंस तरी मी थांबलोच असतो, असं तुला लिहायचं मनात होतं. तीनदा लिहिलं आणि खोडलं. मी थांबलो असतो की नाही, मला माहीत नाही. तुझा राग आला आहे. तो जाईल तेव्हा जाईल. तोवर पत्र टाकत जा, माझं उत्तर आलं नाही तरी.

तीन नंबरचा ठोकळा फोडला नसशील तर ओल्या गोणपाटात गुंडाळून डेपोच्या गाडीने पाठव. फोडला असशील तर आकडा कळवू नकोस.

तुझा,
दादा