स्वरसदनाखालची शिवम्मा

मी, श्रीशैल गुरुसिद्धप्पा मेंडगुदले, वय ७१, निवृत्त पत्रकार, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गेल्या महिन्यात मला जबर धक्का बसला. तरी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट पत्नी राजेश्वरीला, तिच्यानंतर मुलगी दानेश्वरीला. ठेवी दोघींना समान. स्कूटर कुणी चालवू नये, ब्रेक लागत नाहीत.

२. ‘स्वरसदन’ हे संगीत सभागृह माझ्या वडिलांनी १९५८ साली विकलेल्या जागेवर १९६१पासून उभे आहे. १९८५च्या स्मरणिकेत त्याचा इतिहास मी लिहिला. ‘पूर्वी येथे पडीक माळ होता’ हे वाक्य माझे, माहिती वडिलांची. पत्रकार असून मी दुसऱ्या कुणाला विचारले नाही.

३. नव्या रंगमंचाचा पाया खणताना तेथील इंजिनिअर अक्षता यांचा फोन आला. “काका, तुम्हाला कन्नड वाचता येतं ना? एक दगड निघालाय.” मी जाऊन वाचले : शिवम्मा, गुरुसिद्धप्पाची आई. खाली, आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरलेली, माझी आजी होती. पहिल्या रांगेतल्या माझ्या नेहमीच्या खुर्चीपासून चार पावलांवर. आणि आम्ही दरवर्षी तिच्या समाधीवर बेल वाहायला मंद्रूप गावी जात आलो.

राजेश्वरी म्हणाली, “चौसष्ट वर्षं फुकट गाणं ऐकलं की त्यांनी.” मला हसू आले नाही. अजून येत नाही.

४. थोरली बहीण गिरिजाबाई हिला कसे सांगावे, याचे शब्द जुळवत तिच्या घरी गेलो. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तम्मा, मला ठावं हाय की. जागा विकली तवा मी बारा वर्सांची होते. खाली समाधी हाय म्हटल्यावर कोण घेणार? मंद्रूपला नुसता मातीचा ढीग हाय. अप्पांनी लिंगाची आण घातली मला.”

“सदुसष्ट वर्षं गप्प बसलीस, अक्का?”

“आण हाय ती.”

वडिलांना मी क्षमा केलेली नाही. प्रयत्न चालू आहे.

५. आजीला दुसरीकडे हलवण्यासाठी सभागृह समितीने माझी संमती मागितली आहे. मी दिलेली नाही. माझ्यामागे वारसांनीही देऊ नये. दगड प्रवेशद्वाराशी लावावा आणि पुढील स्मरणिकेत माझे ते वाक्य दुरुस्त करावे.

६. मला मंद्रूपला, त्या ढिगाच्या जागी बसवावे. तिथे कुणीतरी असायला हवे.

७. अक्काला मी काहीही ठेवलेले नाही, कारण या मृत्युपत्रावर मला तिची साक्ष हवी आहे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगितले. हे तिला समजावले तेव्हा म्हणाली, “मला काय नको. ह्या खेपेला सही करते.”

सोलापूर, १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : श्रीशैल गुरुसिद्धप्पा मेंडगुदले

साक्षीदार :
डॉ. देवदत्त एकनाथ देशपांडे
गिरिजाबाई चन्नवीर कोनापुरे (सही कन्नडमध्ये)