तांबं, डॉलर आणि ओर्तेन्सियाची भट्टी

अंतोफागास्ता, ४ ऑगस्ट
निर्णय झाला. नव्या भट्टीसाठी माझ्या बायकोने, ओर्तेन्सियाने, साठवलेले पैसे सहा आठवडे नुसते पडून राहणार. हे मला बघवत नाही. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, जग मला तोंडपाठ आहे. चीन बांधकामं काढतोय, म्हणजे आमच्या इथल्या खाणींचं तांबं चढणार. अर्धे पैसे तांब्याच्या शेअरमध्ये, अर्धे डॉलरमध्ये. दोन्ही हातांत लाडू.
बायकोचं म्हणणं एवढंच, की अठरा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला अख्खं गाव एंपनादे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिम्याच्या करंज्या, विकत घेऊन खातं, त्याआधी तिची भट्टी दारात हवी. जुनीचं दार तारेने बांधलंय. म्हटलं, एक काय, दोन आणू.

६ ऑगस्ट
शेअर चढले! नाचलो. गुडघ्यामुळे थोडंच.
डॉलर जरा उतरलाय. त्याचं काय एवढं.

११ ऑगस्ट
चीनमध्ये मंदीची बातमी, तांबं आपटलं. पण डॉलर? भुर्रकन वर! म्हणजे आजही मीच जिंकलो. दलालाच्या कचेरीतल्या यास्नाला फोन केला, शेअर विकून डॉलर घेतले. दर वेळी कमिशन पडेल म्हणाली. भूगोल कच्चा असला की माणूस घाबरट होतो.

१२ ऑगस्ट
डॉलर उतरला, तांबं चढलं. लगेच उलटं केलं. चपळाई हवी.

२१ ऑगस्ट
अमेरिका व्याज वाढवणार. सगळे डॉलर घेतले.
संध्याकाळी: नाही वाढवणार म्हणे. सगळे विकले.
ओर्तेन्सिया कांदा चिरता चिरता म्हणाली, "मास्तर, तुमचं तांबं वर गेलं की डॉलर खाली, डॉलर वर गेला की तांबं खाली. मग आपण कधी वर जायचं?"
बाईला अर्थशास्त्र समजावणं कठीण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कांद्यामुळे.

३० ऑगस्ट
संकल्प: आठवडाभर बातम्या बंद.
दुपारी: आखातात जहाज अडकलं. चार सौदे केले.

५ सप्टेंबर
यास्ना म्हणाली, एवढी उलाढाल करणारा ग्राहक आमच्याकडे दुसरा नाही. शेवटी गुणांची कदर होतेच.

१० सप्टेंबर
समोर एंपनादे विकणाऱ्या मिर्ताने नवी भट्टी आणली, दोन मजली. लोखंडात पैसा अडकवला बिचारीने. ओर्तेन्सिया पडद्याआडून बराच वेळ बघत होती.

१५ सप्टेंबर
सगळं विकलं. तांबं होतं तिथंच आहे, डॉलरही. पैसे मात्र तिसऱ्या हिश्शाने कमी. रोज जिंकत होतो, मग गेले कुठे? यास्ना हळूच म्हणाली, "कमिशन, सर."
भट्टी बसत नाही उरलेल्यात. ओर्तेन्सियाला सांगितलं. तिने मळलेल्या पिठावर फडकं टाकलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

१८ सप्टेंबर
तार तुटली. सकाळपासून भट्टीचं दार डाव्या हाताने दाबून बसलोय, उजव्याने हे लिहितोय. एंपनादे एका बाजूने कच्चे. गिऱ्हाइकं समोर मिर्ताकडे.
आत्ताच यास्नाच्या कचेरीतून सणाची भेट आली, 'आमच्या सर्वात चपळ ग्राहकास'. खोक्यात डझनभर गरम एंपनादे. मला तर भरूनच आलं. मग खोक्यावरचं नाव वाचलं. मिर्ताचं.
ओर्तेन्सियाने एक उलटा करून खालचा रंग पाहिला, चावला.
"छान भाजलाय," म्हणाली. "खा मास्तर. एवढा महागाचा एंपनादा पुन्हा नाही परवडायचा."
मी दार न सोडता खाल्ला.