तोमिएचा वाडगा

४ जून १९७७
कचेरीतून परत पाठवलं! लढाईत मुलांना सुरक्षित जागी घेऊन निघालेली बोट बुडाली, त्यांच्या घरच्यांना सरकार आता भरपाई देतंय. तेहेतीस वर्षांनी जाग आली. टोफूची पाटी तशीच टाकून सकाळीच गेले. कारकून नाकासोने वह्या चाळत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमची बहीण नोंदीत हयात आहे. वय चव्वेचाळीस. हयात माणसाची भरपाई कशी देऊ?"

गावची दप्तरं लढाईत जळाली. नंतर वाचलेल्यांच्या छावणीत आईनेच तोंडी नोंद दिली — दोन मुली, तोमिए आणि योशी, दोन्ही हयात. तोमिए बुडून तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

मृत्यूच्या नोंदीवर आता सहीच्या जागी आईच्याच नावाचा शिक्का लागणार. ३१ ऑगस्टच्या आत.

५ जून
आईला सांगितलं. "नाही." एवढंच. आणि रोजच्यासारखा आधी तोमिएचा वाडगा भरला, मग आमचे. लांब गेलेल्या माणसाचं असं पान वाढतात, ते सुखरूप राहावं म्हणून. बोटीची बातमी फुटली तसं बाकीच्या बायकांनी हळूहळू बंद केलं. आईचं सत्त्याहत्तराव्या वर्षीही चालूच. माझा नवरा म्हणतो, "बघू दे गं वाट. तुझं काय जातं?"

माझं जातं. गेल्या वर्षी गावभर तेहेतिसाव्या वर्षाचे शेवटचे विधी झाले (मेल्याचं वर्षही मोजणीत धरतात), सगळ्यांची पोरं सुटली. आमचीच एकटी पाण्यात. कुळाच्या थडग्यात तिचं काही नाही. आणि पैसेही हवेत, उगाच मोठेपणा कशाला — टोफूची कढई चिरली आहे.

१९ जून
भांडण. बोलू नये ते बोलले. "तुझ्या वेड्या आशेपायी ती धड मेलीसुद्धा नाही."

आई कारली चिरत राहिली. मग सुरी थांबवून, "कचेरीत आणखी काय विचारलं?"

"काय विचारायचं?"

"छावणीचं काही?"

"नाही." परत चिरायला लागली.

२ जुलै
बोलणं बंद. वाडगा चालू.

११ ऑगस्ट
नाकासोने टोफू घ्यायचं निमित्त करून आला. "आजी, ही संधी घालवलीत तर मग माझ्याही हातात काही नाही हो." आईने त्याला एक वडी जास्त घातली. तो गेल्यावर म्हणाली, "पोरगा चांगला आहे. पण कचेरीचा माणूस."

खरं सांगायचं तर मला तोमिएचा चेहराही आठवत नाही. ती अकरा वर्षांची होती, मी पाच. छावणीतला ताप आठवतो, आणि भरवणारा आईचा हात. तरी बहीण ती बहीण.

२५ ऑगस्ट
बोट बुडाली तो दिवस. आई पहाटे एकटीच किनाऱ्यावर गेली. कमरेच्या पट्ट्यात तीन दगड खोचून आली. समुद्राने ज्याला परत दिलं नाही त्याच्या जागी थडग्यात ठेवतात, तसले. माझ्यासमोर मांडले आणि म्हणाली, "शिक्का कुठाय?"

मी रडले. आणि बरंही वाटलं, त्याची लाज वाटते.

२६ ऑगस्ट
कचेरीत. शिक्का हातात धरून आई बसून राहिली. मग नाकासोनेला विचारते, "छावणीतला शिधा आता कोणी परत मागतं का हो?"

तो हसला. "आजी, तो कुणाला आठवतोय?"

मग उमटवला. मला काही कळलं नाही.

२७ ऑगस्ट
आईने सांगितलं. टोफू गाळता गाळता, माझ्याकडे न बघता.

"शिधा माणशी मिळायचा. तोमिए मेली म्हटलं असतं तर एक वाटा गेला असता. तू तापात मान उचलत नव्हतीस. ती मेल्याचं मला पक्कं ठाऊक होतं, योशी. तिच्या नावावर आणलं आणि तुला भरवलं. तेव्हापासून रोज तिचं तिला थोडं थोडं परत देते."

आज तिचा वाडगा मी वाढला.