दोनदा वाढवलेलं झाकण

१२ फेब्रुवारी

तेल्मा आजही संगणक घेऊनच जेवायला बसली! बाप अबीलिउ, माझा लेक, तोही तसलाच. तो प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे कोरतो, त्याच कारखान्यात नातीला उमेदवारीवर घेतलंय. पहिलं काम नीट उतरलं तर कायम, नाहीतर घरी. आणि काम काय — गोळ्यांच्या डबीचं झाकण!

१३ फेब्रुवारी

मला दाखवलं तिने. आधी सपाट रेघा, त्यांना मापं, मग वर ओढलं की झाकण उभं. एक माप बदललं — अख्खं झाकण बदललं. डबीवर बसवूनही दाखवलं.

म्हटलं, "पडद्यावर सगळंच बसतं गं."

"आजी, तू जेव."

गुडघे ठणकतायत.

१७ फेब्रुवारी

साच्याचं पोलाद कोरायला गेलं.

२५ फेब्रुवारी

झाकण डबीवर सैल बसतंय! प्लॅस्टिक गार झालं की आकसतं, म्हणून साचा त्या मानाने मोठा कोरायचा — आमच्या या साच्यांच्या गावात, मारिन्या ग्रांदेत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेल्माने चित्रातच माप वाढवून दिलं. अबीलिउने नेहमीसारखं पुन्हा वाढवलं. पोलाद वाया.

"बाबा, मी सांगितलं होतं!"

"कधी? मी घास चावत असताना?"

"मग विचारायचं ना!"

"चित्र खऱ्या मापाचं द्यायचं. वाढवायचं काम साचेवाल्याचं. एवढं शिकून हे नाही कळलं?"

भांडणात सूप निवलं. परत गरम कोण करणार? मीच.

२६ फेब्रुवारी

बोलणं बंद.

"आजी, बाबांना म्हणावं मीठ द्या." हाताच्या अंतरावर बसलाय तो! मी काय पोस्टमन?

मालक फाउस्टीनु उद्या विचारणार — चूक कुणाची? अबीलिउ छप्पन्नचा, आता त्याला दुसरीकडे कोण घेतंय! आणि हिला काढलं तर ही जर्मनी गाठणार. मग घरात मी आणि हा तोंड पाडलेला. चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेले. कुणासाठी लावायची तेच ठरेना. परत आणली.

२७ फेब्रुवारी

सकाळी तेल्मा मालकाला सांगून आली — "चूक माझी. बाबांना बोलू नका." दुपारी अबीलिउ गेला — "चूक माझी. पोरीला बोलू नका." एकमेकांना न सांगता! मालकाने दोघांचंही खरं मानलं.

दोघांनाही घरी पाठवलं.